ठिपके एक घर खाली

मला ‘काकू’ म्हटलेलं आवडत नाही. बाई एक्कावन्न वर्षांची दिसली की समोरच्याला तिच्याशी नातं लावायचा हक्क आपोआप मिळतो, हे मला कधीच पटलेलं नाही. शाळेच्या ऑफिसात सत्तावीस वर्षं क्लार्क म्हणून काढली. तिथे शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे ‘मॅडम’ म्हणतात. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या गिटार क्लासमध्ये मात्र पहिल्याच दिवशी, माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान असलेले सर म्हणाले, “काकू, तुम्ही मागे बसा. पुढे मुलांना बसू द्या.” मी पुढेच बसले.

गिटार माझ्या मुलीची. ती नोकरीला बंगळूरला गेली आणि गिटार कपाटावर राहिली. दोन वर्षं तिने धूळ खाल्ल्यावर मी ती भंगारवाल्याला दाखवली, तर तो हसला. “याचं काय करू ताई, बंब पेटवू?” मला अशी तिडीक आली की गिटार त्याच्या हातातून ओढून घेतली आणि त्याच आठवड्यात क्लास लावला. लोक संगीताच्या ओढीने शिकतात म्हणे. मी त्या भंगारवाल्याच्या नाकावर टिच्चून शिकायला लागले. संगीताची ओढ वगैरे नंतर लागली, आणि लागली तेव्हा मलाच त्याचं आश्चर्य वाटलं.

सरांची शिकवायची एक पद्धत होती. फळ्यावर भराभर कॉर्डची आकृती काढायची, दोनदा वाजवून दाखवायची आणि पुसून टाकायची. वहीत उतरवेपर्यंत फळा कोरा. मोबाईलवर फोटो काढायचा नाही, असा नियम. “डोक्यात ठेवा, कागदावर नको.” एकदा मी म्हटलं, जरा थांबा, माझं उतरवून व्हायचंय. त्यावर ते वर्गाकडे बघत म्हणाले, “काकूंच्या वयात लक्षात राहणं अवघडच असतं.” वर्ग हसला. मी त्या दिवशी ठरवलं की यांच्या फळ्याची गरजच ठेवायची नाही. सगळ्या आकृत्या स्वतः काढायच्या, कॉम्प्युटरवर, छापल्यासारख्या.

ज्यांनी कधी गिटार हातात धरली नाही त्यांच्यासाठी सांगते. कॉर्ड म्हणजे तीन-चार तारा एकाच वेळी ठरलेल्या जागी दाबून काढलेला एकत्र सूर. तिची आकृती अगदी साधी असते. सहा उभ्या रेघा म्हणजे सहा तारा. त्यांना छेदणाऱ्या आडव्या रेघा म्हणजे गिटारच्या दांड्यावरच्या धातूच्या पट्ट्या. दोन पट्ट्यांमधल्या जागेला आमच्या क्लासमध्ये ‘घर’ म्हणायचे. पहिलं घर, दुसरं घर. ज्या तारेवर ज्या घरात बोट ठेवायचं तिथे काळा ठिपका. संपलं.

आता आडव्या-उभ्या रेघांची चौकट हा माझ्या हातचा मळ. सत्तावीस वर्षं शाळेचं वेळापत्रक मीच टाइप करते आहे. वर्ड प्रोसेसरमध्ये तक्ता टाकायचा, त्याचे रकाने बारीक करायचे, ओळींची उंची ठरवून द्यायची, हे मी झोपेतही करीन. म्हणून पहिल्याच रविवारी मी मोठ्या तोऱ्यात सहा तारांसाठी सहा रकाने घेतले, रकान्यांच्या पोटात ठिपके टाइप केले आणि क्लासमध्ये नेऊन दाखवले.

सरांनी कागद उंच धरला. “काकू, हे तर शाळेचं वेळापत्रक झालं. सोमवारी सी मेजर, मंगळवारी डी मायनर. अहो, तार म्हणजे रकाना नसतो, तार म्हणजे रेघ. बोट रेघेवर पडतं, दोन रेघांच्या मधल्या हवेत नाही.” पुन्हा हशा. सगळ्यात वाईट म्हणजे ते बरोबर होते. ज्या माणसाचा राग येतो तोच बरोबर असावा, यासारखा दुसरा ताप नाही.

मग मी पाच रकाने घेतले, म्हणजे उभ्या रेघा सहा झाल्या. पण रेघेवर अक्षर टाइप होत नाही. ते रेघेच्या या बाजूला बसतं नाही तर त्या. म्हणून प्रत्येक ठिपका वेगळा गोल काढून, काळा भरून, माऊसने उचलून रेघेवर नेऊन ठेवावा लागला. आणि हे गोल महाउनाड. खाली कुठे एन्टर मारला की वरचे चार गोल भलतीकडे पळायचे. दोन रविवार मी त्यांच्यामागे धावले. शेवटी एक उपाय सापडला. प्रत्येक गोलाला सांगायचं की तू मजकुराबरोबर हलायचं नाहीस, तुझी जागा कागदावर पक्की. खिळा ठोकल्यासारखी. त्यानंतर गोल जागचे हलेनात. पण त्याचा अर्थ असाही होता की वरचं काही हललं तर तक्ता हलणार आणि गोल तिथेच राहणार. म्हणून मी स्वतःशी नियम केला, पानाच्या वरच्या भागाला हात लावायचा नाही.

पानाच्या वरच्या भागात एकच ओळ होती. ‘आकृत्या व मांडणी’, आणि पुढे माझं नाव. अकरा पानं, दर पानावर बारा आकृत्या, दर पानावर ती ओळ. मी ओळीची उंची आणि तक्त्यातल्या एका घराची उंची अगदी सारखी ठेवली होती. त्याला काही कारण नव्हतं. वेळापत्रकाची सवय, दुसरं काय. सगळं एका मापाचं असलं की मला बरं वाटतं.

संपूर्ण उन्हाळ्याचे रविवार त्यात गेले. पण मे संपता संपता माझ्याकडे असा गठ्ठा तयार होता की क्लासमधली मुलं माझ्याभोवती गोळा व्हायला लागली. सरांनी तो पाहिला, उलटसुलट केला, आणि पहिल्यांदा हसले नाहीत. “काकू, याचं आपण क्लासचं पुस्तक करू. फाईल द्या.” मी छपाईला चालेल अशी पक्की फाईल दिली. ती त्यांना नको होती. “बदल करता येईल अशी द्या. मला सुरुवातीला दोन शब्द लिहायचेत.” मी पेनड्राइव्ह दिला आणि बजावून सांगितलं, “पानावरचं काहीही काढायचं-घालायचं असलं तर मला सांगा. तुम्ही करू नका.” ते म्हणाले, “हो हो, काकू.”

पंधरा दिवसांनी छपाईआधीची नमुना प्रत क्लासमध्ये आली. कव्हरवर सर, डोळे मिटून, गिटारला गाल लावून. आत दोन शब्दांच्या नावाखाली दोन पानं. मी पहिली आकृती उघडली. वर माझी ओळ नव्हती. दुसरं पान, तिसरं पान, कुठेच नव्हती. एकेका पानावर जाऊन नीट खुडून काढलेली.

आणि त्याच नजरेत मला ठिपके दिसले. सी मेजरचं पहिलं बोट पहिल्या घरात असतं. इथे ते दुसऱ्यात होतं. दुसरं बोट तिसऱ्यात, तिसरं चौथ्यात. माझी ओळ उडवली तसा प्रत्येक तक्ता एक ओळ वर सरकला होता. ठिपके मात्र खिळे ठोकून बसलेले, ते जागेवरच राहिले होते. सगळे ठिपके एक घर खाली आले होते. अर्धवट घसरले असते तर आंधळ्यालाही कळलं असतं. पण ओळ आणि घर एका मापाचं होतं ना, त्यामुळे प्रत्येक ठिपका पुढच्या घराच्या अगदी बरोबर मध्यात जाऊन बसला होता. देखणं दिसत होतं. अकरा पानं, एकशे बत्तीस आकृत्या, सगळ्या देखण्या आणि सगळ्या चुकलेल्या.

“माझं नाव कुठंय?” मी विचारलं.

“अहो काकू, पुस्तक क्लासचं आहे. टायपिंग करणाऱ्याचं नाव कधी असतं का? उद्या छपाईला जातंय. बघा, कसं वाटतंय?”

मी पान पुन्हा एकदा पाहिलं. मग त्यांच्याकडे पाहिलं.

“छान झालंय,” मी म्हटलं.

खोटं कशाला बोलू, घरी येताना मला फार हलकं वाटत होतं. सिग्नलला थांबून मी एकटीच हसले. आता यांची शोभा होणार, कधी होते तेवढंच बघायचं, अशा खुशीत मी पुढचे कितीतरी रविवार क्लासला गेले. कोणी तरी हात वर करील, “सर, पुस्तकातली कॉर्ड बेसूर वाजते” असं म्हणेल, आणि सर चारचौघांत ती पानं चाळतील. त्यांनी “हे असं कसं झालं?” विचारलं की काय उत्तर द्यायचं, तेही मी घोकून ठेवलं होतं.

कोणी हात वर केला नाही. मुलं मोबाईलवर बघून वाजवायची. सरांना सगळं हातात होतं, ते स्वतःचं पुस्तक कशाला उघडतील? एकाने ते टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली घातलं. मी घाम गाळून काढलेल्या आकृत्या कोणी बघतच नव्हतं, बरोबर असत्या तरी कोणी बघितल्या नसत्या. म्हणजे माझा सूडसुद्धा कोणाच्या लक्षात येईना. मी अजूनच चिडले.

ते पुस्तक जगात एकाच माणसाने मनापासून उघडलं.

तो सुरगाण्याकडच्या एका आश्रमशाळेवर शिक्षक होता. आम्ही त्याला गुरुजी म्हणायचो. चाळिशीचा, अंगाने बारीक, चप्पल दाराबाहेर काढून आत येणारा. शाळेतल्या मुलांच्या गाण्यांना साथ करायची म्हणून त्याने जुनी गिटार घेतली होती. जूनमध्ये तीन रविवार तो पहाटेच्या गाडीने आला. त्या तीन तासांत सरांनी त्याला गिटार धरायला, जुळवायला आणि सुट्या तारा छेडायला शिकवलं, तेवढंच. मग शाळा सुरू झाली, पाऊस लागला, आणि त्याला दर रविवारी डोंगरातून खाली उतरणं जमेना. शेवटच्या रविवारी पुस्तकं आली होती. सरांनी वाटायचं काम मला लावलं. गुरुजीच्या हातात पुस्तक मीच ठेवलं.

त्याने पानं उलटली. “मॅडम,” तो म्हणाला, “हे बघून घरी जमंल का? आमच्या पाड्यावर रेंज नाय, मोबाईलवर काय दिसत नाय.”

क्लासमधला तो एकटाच मला मॅडम म्हणायचा.

“जमेल,” मी म्हटलं.

मागे सर उभे होते. ते ऐकत होते म्हणून मी तसं म्हटलं, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिले. पण मी हळू आवाजात दोन शब्द बोलू शकले असते. पेनने एका पानावर बाण काढून दाखवू शकले असते. मी ते केलं नाही, कारण माझा राग मला त्या माणसापेक्षा महत्त्वाचा वाटला.

जानेवारीत क्लासचा वार्षिक कार्यक्रम होता, एका छोट्या हॉलमध्ये, सकाळी. गुरुजी आला. इस्त्रीचा शर्ट, गिटार गोधडीच्या कापडातून शिवलेल्या पिशवीत. त्याने शाळेतल्या मुलांसाठी बसवलेलं एक गाणं म्हणायला सुरुवात केली. आवाज सुरेल होता, अगदी मोकळा. पहिली कॉर्ड जरा वेगळीच वाजली, पण चालून गेली. दुसरी अशी वाजली की पुढच्या रांगेतल्या बाईने मान मागे घेतली.

तो थांबला. डाव्या हाताकडे वाकून बघितलं, एकेक बोट तपासलं, आणि पुन्हा तीच कॉर्ड वाजवली. तशीच्या तशी. मला इतक्या लांबून त्याची बोटं ओळखू येत होती. पान चार, वरून दुसरी आकृती. मग पान एक, पहिली. त्याचं एकही बोट चुकत नव्हतं. सात महिने त्याने किती घोटलं असेल ते त्या बोटांकडे बघून कळत होतं.

सरांनी माईक घेतला. “गुरुजी, गिटार आहे हो ती. तारेचं कुंपण नाही.” हॉल हसला. “डोंगरातून थेट आलेत, समजून घ्या.” पुन्हा हसला. गुरुजीने नमस्कार केला आणि खाली उतरला. मी तिसऱ्या खुर्चीवर होते. उठून उभं राहायला कितीसा वेळ लागतो? मी बसून राहिले. मला माझीच किळस आली, पण बसून राहिले.

तो बाहेर पायऱ्यांवर गिटार पिशवीत घालत होता. मी जवळ गेले.

“पुस्तकात हाय तसंच दाबलं, मॅडम,” तो म्हणाला. “इकडचं बोट तिकडं नाय केलं.”

“गुरुजी...”

“आमचा बा पावरी वाजवतो. भोपळ्याची असती, फुंकून वाजवायची. लग्नाला, देवाला लांब-लांबून बोलावणं येतं त्याला. मी पहिल्या दिवशी हे वाजवलं तवाच बा बोलला, पोरा, खोटं वाजतंय. जरा मागं सरकव हात. मी म्हटलं, तुला काय कळतंय, नाशिकच्या सरांचं छापील हाय हे. दुसऱ्या दिवशी परत बोलला. तिसऱ्या दिवशीबी. मग मी लय बोललो त्याला. नको ते बोललो. तवापासून मी गिटार काढली की तो उठून बाहेर जातो.” त्याने पिशवीची नाडी आवळली. “आज कळलं. माझा कानच खोटा हाय. बाचाबी खोटाच असंल. आमच्या घरातच कान नाय.”

तोपर्यंत मला वाटत होतं की मी सरांचं नुकसान करते आहे. सरांच्या केसालाही धक्का लागला नव्हता. मी सुरगाण्यातल्या एका म्हाताऱ्याला त्याच्या घरातल्या गाण्यातून उठवलं होतं. गुरुजीशी बोलायला माझ्या तोंडातून शब्द फुटेना, म्हणून मी तरातरा आत गेले. भांडायला मला शब्द नेहमीच सापडतात.

सर हार घालून फोटो काढून घेत होते. मी सगळ्यांसमोर म्हटलं, “पुस्तक चुकलंय. सगळं. तुम्ही माझं नाव काढलंत तेव्हा ठिपके एक घर खाली घसरले. गुरुजी बरोबर वाजवत होते. तुमचं पुस्तक खोटं आहे.”

त्यांनी पुस्तकांच्या स्टॉलवरची प्रत उघडली. एक पान, दोन पानं. त्यांचा चेहरा उतरत गेला. सात महिने मी या क्षणाची वाट पाहिली होती. “तुम्हांला माहीत होतं?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मग सांगितलं का नाही?”

“टायपिंग करणाऱ्याला कोण विचारतं?”

हेच ते घोकून ठेवलेलं उत्तर. काही गंमत आली नाही. बाहेर येऊन पाहिलं तर पायऱ्या रिकाम्या होत्या. मागून सर ओरडले, “काकू, उद्यापासून क्लासला येऊ नका.”

“मॅडम म्हणा,” मी म्हटलं आणि निघाले.

घरी येऊन माझी जुनी फाईल उघडली. तिच्यात माझी ओळ होती, ठिपके जागच्या जागी होते. तशीच छापून पाठवली असती तर काम झालं असतं. पण त्या पानांच्या माथ्यावर माझं नाव बघवेना. ज्या नावासाठी मी हे सगळं केलं, तेच परत त्या माणसाच्या हातात द्यायचं? मी ओळ पुसली. डोळ्यांसमोर तक्ते टुणकन वर सरकले आणि ठिपके एक घर खाली आले. म्हणजे तिथे ओळ तर हवीच होती. काहीही असली तरी चाललं असतं. मी बराच वेळ कीबोर्डवर बोटं ठेवून बसले आणि मग टाइप केलं, अकराही पानांवर.

क्लासच्या एका मुलीकडून गुरुजीचा नंबर मिळाला. निरोप पाठवला. पाच दिवसांनी उत्तर आलं, बुधवारी ऑफिसच्या कामाला नाशिकला आहे, साडेतीनला सीबीएस स्टँडवर. मी अर्धी रजा टाकली.

तो सुरगाण्याच्या फलाटावर उभा होता. मी कागदांचा गठ्ठा पुढे केला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. नाव, ओळ, ठिपके, नमुना प्रत. एकही गोष्ट वगळली नाही. त्याने मध्ये एकदाच विचारलं, “मला जमंल बोलल्या, तवा माहीत होतं?”

“हो.”

 मी माफी मागितली. तो गठ्ठ्याकडे बघून मग म्हणाला, “हे तरी बरोबर कशावरून?”

मी पहिल्या पानाच्या माथ्यावर बोट ठेवलं. त्याने वाचलं. ‘वडील म्हणाले ते बरोबर होतं. पुस्तक खोटं होतं, आणि मला ते माहीत होतं.’

त्याने दुसरं पान उलटलं, तिसरं उलटलं. “सगळ्या पानांवर हेच कशाला?”

“ते काढलं तर ठिपके घसरतात.”

गाडी फलाटाला लागली. त्याने कागद गोल गुंडाळले, पिशवीत खुपसले आणि पायरीवर चढला. मग वळला. चेहऱ्यावर राग होता, आणि तो उतरेल असं मला वाटलं नाही.

“बाला वाचता येत नाय,” तो म्हणाला. “मलाच वाचून दाखवायला लागंल.”